न्यायमूर्ती वाढवायचे की खंडपीठ मागायचं?

पुण्यातल्या एका वकील मित्रापुढे सहीसाठी दोन निवेदनं आहेत. एकात मुंबई उच्च न्यायालयातली न्यायमूर्तींची मंजूर 94 पदं कायम भरलेली ठेवा, अशी मागणी. दुसऱ्यात पुण्याला खंडपीठ. आम्ही सांगलीचे वकील कोल्हापूर खंडपीठाच्या वेळी याच पेचात होतो, म्हणून अनुभव सांगतो.

पहिली मागणी मुळीच लेचीपेची नाही. नवं पीठ झालं म्हणून न्यायमूर्ती वाढत नाहीत; कोल्हापुरात बसतात तेही त्याच 94 मधले. करविषयक किंवा कंपनीच्या वादात मुरलेले वकील मुंबईत मिळतात तसे आमच्याकडे अजून नाहीत. लहान पीठावर न्यायमूर्तीही मोजके. एखाद्यांनी वकिलीत असताना तेच प्रकरण हाताळलेलं असेल, तर ते दुसऱ्यापुढे लावायला फारशी जागा उरत नाही. बरीच वर्षं मी याच बाजूचा होतो.

माझं मत फिरवलं ते आदल्या संध्याकाळच्या बोर्डाने, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या सुनावण्यांच्या यादीने. उद्या आपलं प्रकरण कितव्या नंबरवर आहे, हे कळायचं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस मिरजेहून सुटायची, यात हाताशी उरायचे जेमतेम काही तास. तासगावकडचा माझा एक पक्षकार, जमिनीच्या वाटपाचं दुसरं अपील, म्हणजे खालच्या दोन न्यायालयांनंतर उच्च न्यायालयात आलेलं. 'निघू का, साहेब?' असा त्याचा फोन यायचा आणि मला छातीठोकपणे काही सांगता यायचं नाही. एकदा तो रात्रभर जनरल डब्यात बसून गेला. आधीचं प्रकरण लांबलं, आमचा नंबर आलाच नाही. दोष कुणाचाच नव्हता. पण त्याचे दोन दिवस गेले, आणि मुंबईच्या वकिलांना मी सातबाऱ्यावरचे फेरफार फोनवरून पुन्हा पहिल्यापासून समजावले. न्यायमूर्ती वाढले असते तर नंबर कदाचित लागलाही असता. रात्रीचा प्रवास आणि दोन वकिलांची फी मात्र चुकली नसती.

18 ऑगस्ट 2025 पासून सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापुरात काम सुरू झालं. आता नंबर नाही लागला तरी तो माणूस संध्याकाळी धार काढायला घरी असतो, आणि त्याचं प्रकरण मीच चालवतो. ऑनलाइन सुनावणीची सोय आहे, मान्य. पण वाटपाचा नकाशा न्यायमूर्तींपुढे उलगडून दाखवण्याची सर तिला, निदान माझ्या अनुभवात, नाही.

पुण्याहून मुंबई दीडशे किलोमीटर; तिथे अंतराचा मुद्दा आमच्याइतका जड नसेल, हे कबूल. शिवाय कोल्हापूरचं अजून सर्किट बेंच आहे, कायम खंडपीठ नाही. औरंगाबादलाही 1981 मध्ये अशीच सुरुवात झाली, कायमस्वरूप 1984 मध्ये मिळालं. तरी माझी सही दुसऱ्या निवेदनावर पडली असती, फक्त 'नव्या पीठासाठी 94 च्या वर जादा पदं' ही ओळ त्यात आधी घालून घेतली असती.