फोमचे इअरप्लग: प्रेस शॉपमध्ये रोज वापरून दिलेला रिव्ह्यू

आमच्या शॉपमध्ये पंचिंग प्रेस आणि बाजूलाच ग्राइंडर, हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला पण ओरडावं लागतं. असं ओरडावं लागत असेल तर समजा आवाज 85 डेसिबलच्या आसपास किंवा वरच गेलाय, आणि 8 तास तिथे उघड्या कानाने उभं राहणं धोक्याचं. पुढे आवाज दर 3 डेसिबलने वाढला की उघड्या कानाने थांबायचा वेळ निम्मा होतो, 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं.

मी मऊ फोमचे दाबून घालायचे प्लग वापरतो. वस्तू खरंच चांगली आहे, हेल्मेट चष्मा कशाला अडत नाही, उकाड्यात मफसारखा (हेडफोनसारखा पूर्ण कान झाकणारा) घाम येत नाही. पण पाकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका. एनआरआर (आवाज किती कमी होतो त्याचा आकडा) 33 लिहिलंय म्हणजे 33 डेसिबल कमी झाले असं नसतं, ते लॅबमधलं माप, नायॉश या अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशोबाने फोमच्या प्लगला त्याचा निम्माच धरायचा.

सगळं घालण्यावर आहे. स्वच्छ हाताने वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो. अर्धा बाहेर लटकत असेल तर तो नुसता दाखवायला घातलाय. आणि मध्येच काढू नका!! 8 तासांत अर्धा तास जरी मशीनजवळ काढून ठेवला तरी 30 डेसिबलवाला प्लग जेमतेम 12 चं काम करतो. कापसाचे बोळे घालणाऱ्यांनो, त्याने जवळपास काहीच अडत नाही हो.

एवढं कळकळीने सांगतोय कारण आतल्या कानातल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत, औषध नाही ऑपरेशन नाही. सुरुवातीला 4000 हर्ट्झच्या आसपासचं जातं, म्हणजे आवाज येतो पण शब्द कळत नाही, स फ त सगळं सारखंच वाटतं, घरचे म्हणतात लक्ष नसतं तुमचं. सुटल्यावर कानाला दडे बसत असतील किंवा शिट्टी वाजत असेल तर थांबू नका, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या, तीही आवाजापासून लांब राहून, शिफ्ट संपल्या संपल्या नाही.

तोटे पण आहेत. ग्रीसच्या हाताने घालता येत नाहीत, मळले की फेकायचे. सारखी काढघाल असेल तर मफच बरा, फक्त चष्म्याच्या काडीने फट पडत नाही ना बघा. आवाज 88-90 च असेल तर सगळ्यात जास्त आकड्याचा घेऊ नका, फोर्कलिफ्टचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. कान वाहत असेल तर आधी डॉक्टरकडे.

पाचपैकी चार. 100 च्या वर काम असेल तर प्लगवर मफ पण लावा, दोघांचे आकडे मात्र जोडायचे नाहीत, जो जास्त त्यात साधारण 5 मिळवायचे.