मायनेता आणि नगरसेवकाचं शपथपत्र: साइटला चार स्टार, शपथपत्राला दोन

फुकट आहे, लॉगिन नाही, ओटीपी नाही, आणि जेवढं सांगते तेवढं नीट सांगते, त्यामुळे उमेदवारांची शपथपत्रं दाखवणाऱ्या मायनेता या साइटला माझ्याकडून चार स्टार. पण मी इथे जास्त लिहिणारे ते तिथे जो माल येतो त्याबद्दल, म्हणजे उमेदवाराच्या शपथपत्राबद्दल. साइट कितीही चांगली असली तरी शेवटी शपथपत्रात जे लिहिलंय तेच दाखवणार ना, आणि नगरसेवकाच्या बाबतीत आपल्याला जे खरंच जाणून घ्यायचं असतं त्यातलं निम्मंसुद्धा त्यात नसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही साइट एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) नावाची संस्था चालवते, १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांनी सुरू केलेली. उमेदवारांनी आपली संपत्ती, देणी, गुन्हे, शिक्षण सांगितलंच पाहिजे म्हणून तेच कोर्टात गेले आणि २ मे २००२ ला सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मग सगळ्या पक्षांनी मिळून (यात मात्र यांची एकी बघण्यासारखी असते) कायदा बदलून तो निकाल पातळ करायचा प्रयत्न केला, तोही मार्च २००३ मध्ये कोर्टाने उडवला. आज आपण मोबाईलवर दोन मिनिटांत कुणाकडे किती सोनं आहे ते बघतो ते त्यामुळे.

आता वापरायचं कसं. सगळेजण पहिला आकडा बघतात, एकूण संपत्ती अमुक कोटी, त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतात, दोन जण ‘बापरे’ लिहितात आणि विषय संपतो. मला विचाराल तर तो सगळ्यात बिनकामाचा आकडा आहे. आजोबांची जमीन शहराच्या हद्दीत आली की साधा माणूस पण कोट्यधीश होतो, त्यात त्याचा काय दोष, आणि कागदावर भाव कमी लावला की खरा कोट्यधीश पण मध्यमवर्गीय दिसतो. बाजारभाव उमेदवार स्वतःच लिहितो. खात्री करायची असेल तर त्या भागाचा रेडीरेकनर दर (सरकारने ठरवलेला भाव) नोंदणी विभागाच्या साइटवर फुकट बघता येतो, क्षेत्रफळाने गुणा आणि किती तफावत येते ते बघा.

मी आधी व्यवसायाचा रकाना बघते. तिथे ‘समाजसेवा’ लिहिलेलं असतं. किंवा ‘शेती व समाजसेवा’. समाजसेवेत इतकी चांगली कमाई आहे हे आम्हाला करिअर गायडन्सवाल्यांनी कधी सांगितलंच नाही! मग बायकोचं किंवा नवऱ्याचं उत्पन्न. आणि मग देणी, हा रकाना कुणी वाचत नाही पण सगळ्यात जास्त बोलका तोच. बँकेचं गृहकर्ज असेल तर ठीक, पण ‘हातउसने’ किंवा एखाद्या खासगी कंपनीकडून घेतलेली मोठी रक्कम दिसली की थांबायचं. आमच्याकडच्या एका उमेदवाराच्या (नाव नको, शहर पण नको) देण्यांमध्ये एका प्रायव्हेट लिमिटेडचं नाव होतं, ते कंपनी मंत्रालयाच्या साइटवर टाकलं तर धंदा बांधकामाचा निघाला. यात बेकायदेशीर काही नाही बरं का, माणसाने बिल्डरकडून पैसे घेतले आणि प्रामाणिकपणे लिहिले पण. प्रश्न पुढचा आहे, हाच माणूस उद्या स्थायी समितीत किंवा शहर सुधारणा समितीत बसणार, तिथे एखाद्या जागेवरचं आरक्षण उठवायचा नाहीतर रस्ता रुंद करायचा विषय येणार, तेव्हा ही उसनवारी कुणाच्या लक्षात राहणारे?

म्हणजे शपथपत्र सांगतं की माणसाकडे काय आहे. नगरसेवक म्हणून तो ज्यावर मत देतो त्याच्याशी त्याचा पैसा कुठे भिडतो हे ते सांगत नाही. आमदार-खासदारापेक्षा नगरसेवकाला हे जास्त लागू होतं असं माझं मत आहे, कारण आमदार राज्याचा कायदा करतो आणि नगरसेवक तुमच्या गल्लीतलं गटार कोण बांधणार त्याच्या टेंडरवर सही होताना खोलीत असतो. बहुतेक महापालिकांत स्थायी समिती म्हणजे १६ माणसं, आणि मोठी टेंडरं तिथूनच जातात.

दुसरं भोक म्हणजे कुटुंब. शपथपत्रात स्वतःचं, जोडीदाराचं आणि अवलंबून असलेल्यांचं येतं. अवलंबून म्हणजे ज्याला स्वतःची कमाई नाही तो. आता तुम्हीच सांगा, ठेका कुणाच्या नावावर असतो? कमावता मुलगा, सख्खा भाऊ, मेहुणा, व्याही, आणि पूर्वीचा ड्रायव्हर जो आता अचानक फर्म काढून बसलाय. यातला एकही शपथपत्रात येत नाही. घर एक, स्वयंपाकघर एक, पण कागदावर वेगळे.

कायदा नाही असं पण नाही हो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम १० मध्ये स्पष्ट आहे की महापालिकेच्या कंत्राटात स्वतः किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर नगरसेवक अपात्र. काही सवलती आहेत, त्यात नोंदणीकृत कंपनीतला हिस्सा पण येतो, म्हणजे कंपनी काढून काम घेतलं तर प्रकरण एकदम वेगळ्या रस्त्याला लागतं. आणि ज्या विषयात आपला पैसा गुंतलाय त्यावर मत देणं, चर्चेत भाग घेणं यानेसुद्धा पद जाऊ शकतं अशी तरतूद आहे. कागदावर कडक आहे. पण पैसा गुंतलाय हे कळणार कुठून? त्याची नोंदवहीच कुठे उघडी ठेवलेली नसते, मग कुणीतरी विरोधी गटाचा माणूस माहिती अधिकारात कागद काढतो, तोही बहुतेक वेळा स्वतःचा हिशोब चुकवायला, आणि तेव्हा कुठे प्रकरण बाहेर येतं.

बरं, अप्रत्यक्ष म्हणजे किती लांबचं यावरही कोर्टात गंमतच आहे. १९६६ च्या एका निकालात (जुन्या सीपी अँड बेरार नगरपालिका कायद्याखालचा) मुलगा पालिकेत नोकरीला आणि राहतो वडिलांसोबत, तरी नुसत्या नात्यामुळे वडिलांचा हितसंबंध सिद्ध होत नाही असं सुप्रीम कोर्ट म्हणालं. आणि २०१२ मध्ये गोव्यातल्या एका पंचायत सदस्य बाईंच्या नवऱ्याला पंचायतीचं काम मिळालं होतं तर त्या अपात्र ठरल्या, कारण गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने नवरा-बायकोची मिळकत सामाईक धरतात, म्हणजे नवऱ्याच्या ठेक्यात बायकोचा वाटा आपोआप आला. तेच सिंधुदुर्गात घडलं असतं तर वकील लोकांना जास्त घाम गाळावा लागला असता, गोव्याच्या हद्दीवरचं बांदा गाव ओलांडलं की नियम बदलला. आणि अतिक्रमणाच्या बाबतीत आपल्याच राज्यात उलट, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सरकारी जागेवर कुटुंबातल्यांचं अतिक्रमण असेल आणि सदस्य तिथे राहत असेल तर ग्रामपंचायत सदस्यत्व जाईल. म्हणजे सासऱ्याने बांधलेल्या पत्र्याच्या शेडला नातं लागू, मेहुण्याच्या ठेक्याला नाही. काय बोलणार.

बेळगावचं उदाहरण तर सगळ्यांनी वाचलं पाहिजे. तिथे कर्नाटकचा कायदा आहे आणि त्यात नगरसेवकाने निवडून आल्यावर महिन्याभरात आणि मग दरवर्षी मालमत्तेचं विवरण महापौरांकडे द्यायचं असतं. दरवर्षी! आपल्याकडे एकदा अर्ज भरताना दिलं की थेट पुढच्या निवडणुकीला, मधल्या पाच वर्षांत काय वाढलं ते देव जाणे, आणि मागच्या वेळी तर बऱ्याच महापालिकांच्या निवडणुकाच लांबल्या, मुंबईची मुदत मार्च २०२२ ला संपली ती थेट जानेवारी २०२६ ला मतदान. म्हणजे २०१७ चं शपथपत्र आणि २०२६ चं, मध्ये नऊ वर्षं कोरी. तर बेळगावात फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रादेशिक आयुक्तांनी दोन नगरसेवकांचं सदस्यत्व रद्द केलं, कारण काय तर खाऊकट्ट्यातले गाळे त्यांच्या बायकांच्या नावावर होते. आदेशाला स्थगिती मिळाली आणि पुढच्याच महिन्यात त्यातले एक महापौर झाले, प्रकरण पुढे चालू राहिलं ते वेगळं. कुणाची बाजू बरोबर ते मी ठरवत नाही, पण निदान तिथे गाळ्यासारख्या छोट्या गोष्टीवर सुद्धा ‘बायकोच्या नावावर’ हा प्रश्न विचारला तरी गेला.

इंग्लंडमध्ये आत्येबहीण राहते तिने तिच्या कौन्सिलच्या साइटची लिंक पाठवली होती, ती बघून जरा वाईटच वाटलं. तिथे २०११ च्या कायद्याने कौन्सिलरने २८ दिवसांत नोकरी, जमीन, कौन्सिलशी असलेली कंत्राटं, शेअर्स हे सगळं नोंदवायचं, जोडीदाराचं पण, आणि ते साइटवर सगळ्यांना दिसतं. त्या विषयावर बैठकीत बोलायचं नाही, मत द्यायचं नाही, मुद्दाम लपवलं तर गुन्हा. भावाचं-मेहुण्याचं तिथेही येत नाही म्हणा. पण यादी ‘माझ्याकडे काय आहे’ अशी नसून ‘माझं कुठे गुंतलंय’ अशी आहे आणि मला हवंय ते एवढंच.

परत मायनेताकडे. फायदा हा की एकाच माणसाची वेगवेगळ्या निवडणुकांची माहिती असेल तर शेजारी शेजारी ठेवता येते, आणि मूळ शपथपत्राची पीडीएफ बहुतेक ठिकाणी असते, ती उघडाच, नुसत्या तक्त्यावर जाऊ नका. तक्त्यात ‘बिगरशेती जमीन’ एवढंच दिसतं, पीडीएफमध्ये गट नंबर असतो, आणि गट नंबर मिळाला की महाभूलेखवर सातबारा काढता येतो, विकास आराखड्याच्या नकाशावर त्या जागेशेजारी काय येणार आहे ते बघता येतं. आराखड्यातला नवीन रस्ता (डीपी रोड) बरोबर तिथूनच जात असेल तर आपण काही म्हणत नाही, योगायोग असतात. महारेराच्या (बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या) साइटवर प्रोजेक्टच्या प्रवर्तकांची नावं असतात ती पण ताडून बघा, आडनावं ओळखीची निघतात. टेंडर कुणाला मिळालं ते महाटेंडर या सरकारी टेंडरांच्या साइटवर शोधायला मात्र चिकाटी पाहिजे.

नाव शोधताना इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हेने टाकून बघा. आणि सगळ्या छोट्या नगरपंचायती, ग्रामपंचायती तिथे मिळतील ही अपेक्षा ठेवू नका. त्यासाठी राज्य निवडणूक आयोगाची साइट आणि ट्रू व्होटर अॅप. बरेच लोक इथे गोंधळतात, केंद्रीय निवडणूक आयोगाचं उमेदवारांची माहिती देणारं अॅप डाउनलोड करतात आणि नगरसेवक सापडत नाही म्हणून एक स्टार देतात. अहो ते लोकसभा-विधानसभेचं आहे. आयोग दोन आहेत.

मूळ शपथपत्रं बऱ्याचदा स्कॅन केलेली असतात, कधी तिरकी, कधी हाताने लिहिलेली, एका पानावर तर नोटरीचा शिक्का नेमका रकमेवर बसलेला होता. त्याच्यात मुद्दाम काही असेल असं वाटत नाही, आपल्याकडे शिक्का मारायची पद्धतच तशी आहे. पण शोधता येईल असा मजकूर दिला असता तर पत्रकारांचं आणि आमच्यासारख्या रिकामटेकड्यांचं अर्धं काम झालं असतं.

एक बदल झाला तर शपथपत्राचे दोन स्टार मी आनंदाने चार करीन. दरवर्षी एक पान. त्यात संपत्तीचा आकडा नसला तरी चालेल, फक्त माझा, जोडीदाराचा, मुलांचा, भावंडांचा, सुनेचा या महापालिकेच्या हद्दीत कोणता धंदा आहे, कोणत्या फर्ममध्ये नाव आहे, कुठे जमीन आहे. कोर्टाने २०२४ मध्ये अरुणाचलच्या एका आमदाराच्या खटल्यात म्हटलंय की उमेदवाराने घरातली प्रत्येक जंगम वस्तू सांगायची गरज नाही, त्यालाही खासगीपण आहे, आणि ते मला पटतं. घड्याळ किती हजाराचं आहे ते मला नकोय. फर्मचं नाव हवंय.

ग्रामपंचायतवाल्यांसाठी एवढं सांगते की तुमच्याकडे पण ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ मध्ये ठेक्याबद्दल हीच अट आहे आणि तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची असते, त्यामुळे तिथे बसून नुसतं पारावर बोलण्यापेक्षा ग्रामसभेत खर्चाचे कागद मागा.

आणि जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांची शपथपत्रं दिसतायत तोवर उतरवून ठेवा. मुंबई सोडली तर प्रभागात साधारण चार-चार जण आहेत, निवडून आलेल्या चौघांचीही घ्या, पाच वर्षांनी तुलना करायला हीच लागतील. सेव्ह करताना फाइलला प्रभाग क्रमांक आणि आडनाव द्या, नाहीतर सगळ्यांचं नाव ‘अॅफिडेव्हिट’ कंसात एक, दोन, तीन होतं आणि नंतर कुणाचं काय ते कळत नाही.