कुपवाडला (सांगली) लिक्विड नायट्रोजन भरून घेणार असाल तर हे वाचा

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सॅम्पल ठेवायला ३५ लिटरचा कॅन आहे, तो कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या डेपोतून भरून आणायचं काम दीड वर्ष झालं माझ्याकडंच आहे. आधी दुसऱ्याकडनं घ्यायचो, तो अंदाजपंचे भरायचा आणि झाकणावरनं चिकटपट्टी मारून द्यायचा, म्हणजे गॅसला बाहेर पडायला वाटच नाही. किती धोक्याचं आहे ते तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं.

इथले मामा पहिल्याच दिवशी अडले. पाऊस होता म्हणून मी गाडीच्या काचा वर करून मागच्या सीटवर कॅन ठेवायला गेले तर म्हणाले, "बंद गाडीत देणार नाही मॅडम, टेम्पो बोलवा." मला राग आला पण त्यांनी हिशोबच मांडला, १ लिटर लिक्विडचा जवळजवळ ७०० लिटर गॅस होतो, अख्खा कॅन सांडला तर २४ हजार लिटर, आणि गाडीच्या आत हवा असते तीन-चार हजार लिटर. वास नाही रंग नाही, गुदमरतोय हे कळायच्या आत माणूस आडवा. गप टेम्पो बोलवला. तेव्हापासनं लॅबमध्ये पण कॅन लिफ्टमधनं एकटा जातो, आम्ही जिन्यानं.

भरताना आधी थोडंसं ओततात, उकळी बसेपर्यंत थांबतात, मग बाकीचं. नंतर लाकडी पट्टी तळापर्यंत घालून काढतात, हवेत हलवली की जिथवर पांढरं धरतं तिथवर माल. पोकळ नळी घालायची नाही, वरच्या तोंडातनं लिक्विड उडतं अंगावर, आणि ते असतं उणे १९६ डिग्री. काट्यावर आधी रिकामा, मग भरलेला कॅन ठेवतात, लिटरला साधारण ८०० ग्रॅम धरा, म्हणजे फुल भरला की २८ किलो वाढायला पाहिजे, वाढतातच.

एकदा कॅनला बाहेरनं गळ्यापाशी दव आणि बर्फ दिसला तर भरायलाच नाही म्हणाले, व्हॅक्यूम (कॅनच्या दोन भिंतींमधली निर्वात पोकळी, तीच थंडी धरून ठेवते) गेलाय, दोन दिवसात उडून जाईल तुमचा माल. स्वतःचं गिऱ्हाईक परत पाठवणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच बघितला.

रेट जरा जास्त आहे, फोन लवकर उचलत नाहीत, सकाळी ११ च्या आधी जाऊ नका.

तक्रार एकच पण मोठी. भरणारा पोरगा हातात ढगळ चामड्याचे ग्लोव्हज घालतो (ढगळच पाहिजेत, आत थेंब गेला तर झटकून काढता येतात), तोंडावर शिल्ड पण असते, आणि पायात चप्पल! मी दोनदा मामांना बोलले, पायावर सांडलं तर बोटं जातील ओ त्याची. मागच्या खेपेला बूट दिसले पण पॅन्ट बुटात खोचलेली, सांडलं की सगळं आतच साठणार. तिथंच उभी राहून पॅन्ट बाहेर काढायला लावली, मगच कॅन पुढं केला.