दोन ए-नंबर, तीन पेमेंट आणि माझे २,२७५ डॉलर

अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या कागदांवरून एका ठगाने मला फसवलं. आधीच सांगते, सहानुभूती नकोय, आणि "एवढी शिकलेली असून कशी फसलीस" हे तर अजिबातच नको, ते नवऱ्याने, नणंदेने आणि रात्री दोन वाजता मी स्वतः मला भरपूर ऐकवून झालंय. १८५ डॉलर, मग ६४०, मग १,४५०. एकूण २,२७५. नऊ दिवसांत.

झालं असं की आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनी भरते तो अर्ज) अप्रूव्ह झालं, नोटीस आली आणि त्यावरचा ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला ओळख क्रमांक) माझ्या जुन्या ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणानंतरच्या नोकरीच्या, ईएडी कार्डावरच्या (वर्क परमिट) नंबरशी जुळेना. (कार्डावर त्याला यूएससीआयएस, म्हणजे इमिग्रेशन खात्याचा, नंबर लिहिलेलं असतं, तो ए-नंबरच.) पोटात गोळाच आला. वकील कंपनीचा, तो तीन दिवसांनी उत्तर देणार आणि वर एचआरला सीसी करणार, म्हणून मी आमच्या इमिग्रेशनवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटिशीचा फोटो टाकून विचारलं की आता फॉर्मवर कुठला नंबर लिहायचा. नाव आणि पत्ता काळा केला, मोठी शहाणी ना मी. रिसीट नंबर, म्हणजे केसचा क्रमांक, तसाच ठेवला. आणि तो नंबर ज्याच्याकडे असेल तो कोणीही केस स्टेटस बघू शकतो, नाव विचारत नाहीत, जन्मतारीख विचारत नाहीत. तेव्हा नोटिशीचा फोटो कुठेही टाकू नका, टाकायचाच तर नावाच्या आधी नंबर झाका, बारकोडसकट.

दुसऱ्या दिवशी फोन. स्वच्छ मराठी. "ताई, ग्रुपवर तुमचा प्रश्न वाचला, मी या फाइल्सचंच काम करतो." माझं आय-१४० कुठल्या तारखेला अप्रूव्ह झालं ते त्याने धडाधड सांगितलं आणि मला वाटलं याला आतली सिस्टीम दिसते. दिसत कसली होती, माझाच फोटो समोर ठेवून वाचत होता. मग म्हणाला, तुमचा आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद) नंबर वाचा. मी वाचला. "बघा, आकड्यांच्या मध्येच इंग्रजी अक्षर आलंय ना? तो होल्ड फ्लॅग आहे ताई." आता ऐका, आय-९४ चा नंबर ११ जागांचा असतो आणि मे २०१९ पासून त्यात दहाव्या जागेवर अक्षर येतं. सगळ्यांच्याच येतं! सीबीपीच्या (सीमेवरचं कस्टम्स खातं) साइटवर आपला आय-९४ फुकट बघता येतो, त्यासाठी कुणाला एक सेंटसुद्धा द्यायचा नाही.

पण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त एकच, एच-१बी (कामाचा व्हिसा) ची सहा वर्षं संपत आलीत, पुढची तीन वर्षांची मुदतवाढ याच आय-१४० च्या जोरावर मिळणार, आणि हा म्हणतोय की दोन ए-नंबर म्हणजे डुप्लिकेट आयडेंटिटी, आय-१४० रिव्होक, म्हणजे रद्द, होऊ शकतं. ज्यांच्या डोक्यावर ही टांगती तलवार नाही त्यांनी मला अक्कल शिकवू नये.

१८५ 'फाइल रिव्ह्यू'चे दिले. तीन दिवसांनी ६४० 'कन्सॉलिडेशन फी', म्हणजे दोन्ही नंबर एकत्र करण्याची. बँकेच्या ॲपमधून थेट ट्रान्सफर, दोन्ही वेळा वेगळ्याच नावाच्या खात्यात. विचारलं तर "ताई, आमचे अकाउंटंट वेगळे आहेत."

आणि आता ते, जे आठवलं की अजून कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. त्याने पीडीएफमध्ये नवी नोटीस पाठवली, वर गरुडाचा शिक्का, खाली रिसीट नंबर, एलआयएन ही तीन अक्षरं आणि पुढे आकडे. मी तो नंबर केस स्टेटसच्या साइटवर टाकला. साइट म्हणाली नंबर चुकीचा आहे. परत टाकला. परत तेच. मी त्याला मेसेज केला तर म्हणे, "कन्सॉलिडेशनच्या केसेस पब्लिक साइटवर दिसत नाहीत." आणि मी 'ओके थँक्यू' लिहिलं. थँक्यू! नंतर १,४५० पाठवले, 'एक्स्पीडाइट'चे, म्हणजे काम लवकर करून देण्याचे.

रिसीट नंबर म्हणजे तीन अक्षरं आणि दहा आकडे, एकूण तेरा. ते पैसे गेल्यावर चौथ्या दिवशी त्याचा फोन बंद लागायला लागला तेव्हा नवरा डायनिंग टेबलवर तो कागद घेऊन पेनाच्या टोकाने मोजत बसला आणि म्हणाला, "अगं, यात नऊच आकडे आहेत." मी टेस्टिंगमध्ये काम करते. फील्डमध्ये किती कॅरेक्टर हवेत आणि किती आलेत हे तपासायचे मला पगार मिळतात.

मग बँक. पाऊण तास होल्डवर आणि उत्तर काय, तर व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलाय. अहो, फसवून मंजूर करून घेतला, म्हणून तर फोन केलाय ना! मग पोलीस. खिडकीमागच्या माणसाला ए-नंबर म्हणजे काय हेच दहा मिनिटं समजावत होते, त्याला वाटलं माझी गाडी चोरीला गेलीय. शेवटी एक रिपोर्ट नंबर हातात दिला, म्हणजे अजून एक नंबर! सरकारी हेल्पलाइनवर तर मशीनच बोलतं, मी 'फ्रॉड' म्हणते, ते विचारतं पत्ता बदलायचाय का. दोनदा. तिसऱ्यांदा मी मराठीत काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, त्यावर लाइन कट झाली.

आणि गंमत म्हणजे वकिलाला शेवटी लाज सोडून मेल केलं तर त्याचं उत्तर दोन ओळींचं. ओपीटीवाल्यांना आय-१४० वर दुसरा ए-नंबर मिळणं हे नेहमीचंच, पुढे आय-४८५ (ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज) भरताना दोन्ही लिहायचे. त्या फॉर्मात तसा प्रश्नच आहे, आधी दुसरा ए-नंबर मिळाला होता का म्हणून. फाइल्स यूएससीआयएसवालेच एकत्र करतात, त्याची वेगळी फी नाही. फुकट होतं ते. तीन दिवस थांबले असते तर.

यूएससीआयएस गिफ्ट कार्डने किंवा कुणाच्या खासगी खात्यात फी घेत नाही. एफटीसीच्या (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारं सरकारी खातं) साइटवर तक्रार टाका, मीही टाकलीय. पैसे पाठवले असतील तर बँकेला त्याच तासात फोन करा, माझ्यासारखे दोन दिवस रडण्यात घालवू नका. आणि समोरचा मराठी बोलतोय म्हणून पाघळू नका, माझं तिथेच निम्मं काम तमाम झालं.

परवा परत एक फोन आला होता, यावेळी बाईचा. "ताई, तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त ९५ डॉलर फायलिंगचे." माझे पैसे बुडाले हे हिला कुणी सांगितलं? ब्लॉक केलं आणि ग्रुपही सोडला.