माळ सुधारायचा कसा: विश्रांती, फेरपेरणी, नांगरट की बागायती वैरण?

पूर्व सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात पाऊस साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर आणि जमीन मुरमाड. इथे जैविक (सेंद्रिय) पद्धतीने गाई पाळणाऱ्याचा माळ उजाड झाला की चार उपाय सुचवले जातात: चराई थांबवा, आहे त्या गवतात बी टाका, नांगरून नवे गवत लावा, किंवा माळाचा नाद सोडून बागायतीत नेपिअर हे उंच चाऱ्याचे गवत करा. चारही उपाय चालतात, पण एकाच माळावर नाही. निवड करायची ती जमिनीत चांगल्या गवताचे किती ठोंब अजून जिवंत आहेत हे बघून. म्हणून बियाण्याच्या दुकानाआधी माळावर जा.

आधी मोजणी

सप्टेंबरअखेर गवत फुलोऱ्यात असते आणि ओळखू येते. माळ तिरका चालत जा, दर दहा पावलांना बुटाच्या टोकाशी काय आहे ते लिहा. अशा शंभर नोंदी पुरतात. दख्खनचा माळ एका ठरावीक क्रमाने खालावतो. पवना, मारवेल, डोंगरी ही चांगली गवते आधी जातात, त्यांची जागा कुसळी हे टोचऱ्या कुसळांचे गवत घेते, मग एकवर्षायू बारीक कुसळाची गवते येतात. शेवटी तरोटा, गाजरगवत आणि उघडा मुरूम राहतो.

आमचा ठोकताळा असा: शंभरात तीस किंवा जास्त नोंदी पवना, मारवेल, डोंगरी, अंजन या गवतांच्या असतील तर फक्त विश्रांती द्या. दहा ते तीस असतील तर विश्रांतीबरोबर फेरपेरणी. दहाच्या खाली असतील तरच नव्या लागवडीचा विचार.

विश्रांती: सर्वांत स्वस्त, म्हणून सर्वांत दुर्लक्षित

पहिल्या पावसानंतर फुटणारी पाने मुळांतल्या साठ्यावर वाढतात. तीच पाने गाईने खाल्ली की साठा संपतो, मुळे आखडतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत ठोंब मरतो. त्यामुळे पावसाचे पहिले सहा आठवडे जनावर माळावर अजिबात नको. अडचण इथेच येते, कारण त्याच दिवसांत घरची वैरण संपलेली असते. हिशेब आधी करा: ४०० किलोच्या गाईला रोज सुमारे १० किलो कोरडी वैरण लागते. ४५ दिवसांची गाईमागे साडेचार क्विंटल, पाच गाईंची साडेबावीस. एवढा कडबा किंवा वाळले गवत जूनमध्ये हाताशी नसेल, तर चराईबंदी कागदावरच राहते.

नंतर माळाचे पाच भाग पाडा. एक भाग बी झडेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरअखेरपर्यंत बंद ठेवा. उरलेल्या चारांत दहा-दहा दिवस चारले की प्रत्येक भागाला तीस दिवस मिळतात. दहा सेंटिमीटरच्या खाली गवत खाऊ देऊ नका. बंद भाग दर वर्षी बदला. सौर कुंपणाची एक तार गाईंना थोपवते, शेजारच्या शेळ्यांना नाही. शेळ्यांची ये-जा असेल तर काटेरी कुंपण किंवा राखण लागेलच.

फेरपेरणी: बहुतेक माळांना हीच लागू पडते

नांगर न लावता उताराला आडव्या, मीटरभर अंतराने काकऱ्या पाडा आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर त्यात बी टाका. एकरी दोन ते तीन किलो स्टायलो हमाटा (शेंगवर्गीय चारापीक) आणि दोन किलो अंजन किंवा मारवेल. खोली एक सेंटिमीटरपेक्षा कमी, नाहीतर उगवण होत नाही.

स्टायलोचे कवच कठीण असते. ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून लगेच गार पाण्यात काढा, सावलीत सुकवा. अंजनाचे ताजे बी सुप्तावस्थेत असते, म्हणून मागच्या वर्षीचे घ्या. गवताचे हलके बी वाऱ्याने उडते आणि मुंग्या ओढून नेतात. माती, शेण व वाळू यांत मळून त्याच्या गोळ्या केल्या तर दोन्ही टळते. बुरशीनाशक लावलेले बी जैविक प्रमाणीकरणात चालत नाही. प्रक्रिया न केलेले घ्या आणि पावती जपून ठेवा.

स्टायलो पहिल्या वर्षी वीतभरच दिसतो. पेरणी फसली असे समजून अनेक जण तिथे गुरे सोडतात आणि तेव्हाच ती खरी फसते. दुसऱ्या पावसाळ्यात तो पसरतो. हिरवे गवत असताना गाई त्याला फारसे तोंड लावत नाहीत. गवत वाळल्यावर मात्र खातात, आणि प्रथिनांची गरज तेव्हाच असते. युरिया वर्ज्य असलेल्या शेतात गवताला नत्र पुरवणारे हे सर्वांत स्वस्त साधन आहे.

स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट जैविक नियमांत बसते, पण घाटमाथ्याच्या पूर्वेकडील चुनखडीच्या जमिनीत ते विरघळत नाही. कोकणच्या आम्लधर्मी जांभ्यावर त्याचा उपयोग होतो. इकडे चांगले कुजलेले शेणखतच द्या.

नांगरट आणि नवी लागवड

तणनाशक वापरता येत नसल्याने नांगरटीबरोबर वर आलेले सगळे तण खुरप्याने काढावे लागते, किमान दोनदा. उतारावर माती वाहून जाते ती वेगळीच. मातीचा थर फूटभर असेल आणि उतार नगण्य असेल तरच हे करा. मारवेलाचे मुळ्यांसह ठोंब ५० बाय ५० सेंटिमीटरवर एकरी १६,००० लागतात. जुलैत जमीन पूर्ण भिजल्यावर लावा, पहिले वर्ष चराई बंद. पूर्ण माळावर हा खर्च आम्हाला पटत नाही. दहा गुंठ्यांत रोपवाटिका म्हणून लावा आणि पुढच्या वर्षी तिथलेच ठोंब फोडून माळावरच्या मोकळ्या जागा भरा.

नेपिअर: दुभत्या गाईंसाठी, माळासाठी नव्हे

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले जयवंत आणि फुले यशवंत हे वाण चांगले आहेत. ९० बाय ६० सेंटिमीटरवर एकरी सुमारे ७,४०० कांड्या, पहिली कापणी दोन-सव्वादोन महिन्यांनी, पुढच्या ४५ ते ५० दिवसांनी. मात्र उन्हाळ्यातही पाणी हवे आणि एकरी आठ-दहा टन शेणखत हवे. छापील उत्पादनात रासायनिक खते धरलेली असतात, जैविक शेतात त्याहून कमी धरा. नेपिअरमध्ये ऑक्झलेट हा कॅल्शियम अडवणारा घटक असतो, एकटे खायला घालू नका. शेवरी, हादगा किंवा लसूणघास जोडीला द्या. उपाशी गाईला ओला लसूणघास भरपूर दिला तर पोट फुगते, आणि त्याच्या बियाण्यातून अमरवेल शेतात शिरते. सुबाभळीत मिमोसिन हे विषारी द्रव्य असते, ती वैरणीच्या एक-तृतीयांशापेक्षा कमी ठेवा. विहिरीला मार्च-एप्रिलमध्ये पाणी नसेल, तर हा पर्याय बाद.

पाणी असलेल्यांनी पाच गाईंमागे १५-२० गुंठे नेपिअर दुभत्यांपुरते ठेवावे. त्या आधारावर जून-जुलैत माळ बंद ठेवणे जमते. पाणी नसेल तर बंद भागातले गवतच पुढच्या जूनची वैरण. बी पिकल्यावर कापलेले गवत निकस असते आणि कुसळे गाईच्या तोंडात रुततात. म्हणून बंद भागाचा निम्मा तुकडा फुलोऱ्यात कापा, दोन दिवस वाळवा आणि गंजी रचा. निम्मा बियांसाठी सोडा. निकृष्ट वैरण युरियाच्या द्रावणाने सुधारण्याचा सल्ला सर्रास मिळतो. जैविक गोठ्यात ती सोय नाही, त्यामुळे कापणीची वेळ इथे चुकवून चालत नाही.