तबल्याच्या वर्गासाठी वेबकॅम : आठ महिन्यांनंतर

जूनमध्ये घेतला, आता फेब्रुवारी संपत आला. खोकं उघडल्याच्या दिवशी लोकांनी लिहिलेलं वाचून मी हा घेतला आणि पुढे हिवाळ्यात भोगलं, म्हणून आठ महिने थांबून लिहितोय.

माझं घर बडोद्यात, दांडिया बाजारात. शिष्य न्यू जर्सीत, इथल्याच घरांतली नातवंडं. त्यांच्या रात्री नऊला माझे सकाळचे साडेसहा. आधी लॅपटॉपचाच कॅमेरा चालवला. मी समोर बसायचो, त्यामुळे माझा उजवा हात त्यांना डावीकडे दिसायचा. मला स्वतःचं चित्र आरशासारखं दिसतं, पलीकडे मात्र सरळ जातं, हे मला ठाऊकच नव्हतं. एका पोरानं तीन आठवडे डाव्या हाताचा डग्गा उजवीकडे ठेवून रियाज केला. गुणी पोरगा, जसं दिसलं तसं केलं!

सुरसागर तलावाजवळ सयाजीरावांनी 1886 साली काढलेली गायनशाळा आहे, आता विद्यापीठात गेली. तिथे आम्ही गुरुजींच्या कुशीला बसून हात बघायचो. मला तेच हवं होतं : कॅमेरा माझ्या खांद्यावरून खाली बघणारा. म्हणून वेगळा वेबकॅम, साडेचार हजारांचा. 1080 पी, ऑटोफोकस, खाली ट्रायपॉडवर बसवायचे आटे. रावपुऱ्यातला दुकानदार म्हणाला, “काका, भरावो एटले चालु” (घातला की चालू). तेवढं खरं निघालं. यूएसबीत घातला आणि विंडोजनं ओळखला, ड्रायव्हर वगैरे काही लागलं नाही. तो 1080 आकडा मात्र विसरा. झूमच्या साध्या खात्यावरून एवढं मोठं चित्र पुढे जातच नाही.

टांगायचा कुठे? छताला झोपाळ्याची कडी होती. झोपाळा उतरवून माळ्यावर टाकला (घरात यावर जे बोलणं झालं ते परीक्षणात बसत नाही) आणि कडीला पाइप बांधून त्यावर कॅमेरा चढवला. चित्र उलटं आलं, ते झूमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये दोनदा फिरवून सरळ केलं. कॅमेऱ्याची वायर जेमतेम दीड मीटर, म्हणून पाच मीटरची एक्स्टेंशन आणली. मग वर्ग चालू असताना कॅमेरा मधेच गायब व्हायचा, विंडोज “टुडुंग” करायची, पुन्हा यायचा. भाच्यानं सांगितलं, यूएसबी 2 ला सगळी मिळून पाच मीटरच्या पुढे वायर चालत नाही. तीन मीटरची लावली, तेव्हापासून एकदाही गेला नाही.

जून ते सप्टेंबर मजेत गेले. साडेसहाला खिडकीतून भरपूर उजेड असायचा. ऑक्टोबरात त्या वेळी जेमतेम फटफटायला लागलं, ट्यूबलाइट लावली आणि चित्रावरून काळे पट्टे सरकायला लागले. कॅमेरा बिघडला म्हणून परत द्यायला निघालो होतो. कारण साधं निघालं : आपली वीज 50 हर्ट्झची, दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो, आणि कॅमेरा कारखान्यातून अमेरिकेच्या 60 वर लावून आलेला. सॉफ्टवेअरमध्ये अँटी-फ्लिकर 50 केलं, पट्टे गेले.

पण खरं दुखणं पुढेच होतं. उजेड कमी पडला की चित्र उजळ दिसावं म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो. सेकंदाला 30 ऐवजी 15 चित्रं उरतात. ठायीत, म्हणजे संथ लयीत, कायदा (तबल्यातली एक रचना) वाजवला तर चालून जातं. द्रुत लयीत “तिरकिट” हा बोल घेतला की बोटांच्या जागी नुसता पिवळट फराटा दिसतो. मधलं बोट शाईवर (तबल्याच्या मधल्या काळ्या गोलावर) पडलं की अनामिका, हे ज्याला दाखवायचं त्यालाच दिसत नाही! “लो लाइट” नावाची खूण काढून टाकली. चित्र काळवंडलं, मग डाव्या अंगाला 20 वॉटची आणखी एक एलईडी ट्यूब लावली. आता चाट (तबल्याची कड) आणि शाईवरचं बोट वेगळं ओळखू येतं. नोव्हेंबरात हिवाळ्यासाठी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली, वर्ग साडेसातला आला, तरी वाड्यातल्या खोलीत ट्यूब लागतेच.

ऑटोफोकसनं तर छळलं. हात हलला की तो शोधाशोध करतो, एकदा बोटं, एकदा सतरंजी. फोकस हातानं बांधून ठेवता येतो, पण वायर काढून पुन्हा लावली की साहेब परत ऑटोवर. आठ महिने रोज सकाळी देवाला दिवा लावून झाला की फोकसची पट्टी ओढणं हे माझं नित्यकर्म झालंय. कंपनीला दोनदा लिहिलं. उत्तर आलं : सॉफ्टवेअर पुन्हा टाका. टाकलं. तसंच आहे.

माइक बोलण्यापुरता ठीक. डग्ग्याची घुमक झूम गोंगाट समजून गिळून टाकतं. संगीतकारांसाठीचा “ओरिजिनल साउंड” चालू केल्यावर ती ऐकू येऊ लागली, पण शेजारच्यांचा मिक्सरही येऊ लागला.

ज्यांना नुसतं तोंड दाखवायचं आहे त्यांनी यावर एवढे पैसे घालू नयेत. हात दाखवायचा असेल तर घ्या, पण आधी ट्यूब आणि तीन मीटरची वायर आणा. परवा त्या पोरानं धा-तिरकिटचा पहिला रेला (जलद बोलांची रचना) सरळ हातानं वाजवून दाखवला. झोपाळा अजून माळ्यावरच आहे आणि घरात त्याची चौकशी रोज होते.