अतिक्रमण विभागात माणसं आणायची कुठून?

महापालिकेत पहिल्यांदाच नगरसेवक म्हणून निवडून आलात आणि स्थायी समितीच्या विषयपत्रिकेवर ‘अतिक्रमण विभागासाठी मनुष्यबळ पुरवणे’ हा विषय आला, तर हात वर करण्याआधी थोडं थांबा. अशा विभागात मी बरीच वर्षं लिपिक होतो, म्हणून सांगतो. वाटा तीन आहेत: मंजूर पदं भरणं, एजन्सीकडून मासिक पगारावर माणसं घेणं, किंवा दंडातला वाटा देऊन मार्शल, म्हणजे दंड वसूल करणारी खासगी संस्थेची माणसं, नेमणं.

तिसरी वाट आधी बघू, कारण तिला तिजोरीतून काही जात नाही असं वाटतं. मुंबईने क्लीन-अप मार्शलांचा हा प्रयोग पुन्हा पुन्हा केला. कोरोनात मास्क नसला की दोनशे रुपये, त्यातले निम्मे संस्थेचे. नंतर योजना बंद झाली, २०२४ मध्ये पुन्हा आली आणि एप्रिल २०२५ मध्ये परत गुंडाळली. पावती न देता पैसे घेतात, दमदाटी करतात, या तक्रारी काही सुटल्या नाहीत. याचं कारण रचनेतच आहे. वाट्यावर काम करणारा जागच्या जागी पैसे देणाऱ्यालाच पकडणार. बसथांब्यावर थुंकलेला माणूस त्याला सापडतो. रात्री राडारोड्याचा डंपर नाल्याकाठी रिकामा करणाऱ्याच्या मागे तो कशाला जाईल?

एजन्सीची माणसं मात्र उपयोगाची आहेत, पण ती हातगाड्या उचलायला, पत्रे काढायला, पोकलेनमागे उभं राहायला. कागद त्यांच्या हातात देऊ नका. आमच्याकडे एकदा अधिकारी रजेवर असताना ठेक्यावरच्या कनिष्ठ अभियंत्याने नोटिशीवर ‘करिता’ लिहून अधिकाऱ्याच्या वतीने सही ठोकली. नोटीस शटरवर डिंकाने चिकटवली, फोटो काढला, पंचांच्या सह्या घेतल्या, सगळं रीतसर. कोर्टात पहिलाच प्रश्न आला, या सहीला अधिकार कोणी दिला? इमारतवाल्याला मनाई हुकूम मिळाला. तो उठेपर्यंत इमारतीवर आणखी दोन मजले चढले होते आणि दोरीवर कपडे वाळत होते. ती फाइल जावक नोंदवून मीच पाठवली होती. अजून सलते.

ठेका देताना आणखी एक बघा. निविदेत पीएफ आणि किमान वेतन नीट लिहिलेलं आहे का? मुंबईत २,७०० सफाई कामगारांना ठेकेदाराकडचे म्हणून वर्षानुवर्षं राबवलं आणि शेवटी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते कायम ठरले. बारमाही कामाला दाखवलेला ठेका असा अंगावर येतो.

आता कायम पदं. इथे अडचण खरी आहे. आस्थापना खर्च, म्हणजे पगार वगैरेंचा खर्च, ३५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, नव्या पदांना शासनाची मंजुरी आणायची, यात वर्षं जातात. शिवाय कायम नोकर म्हणजे चोख नोकर असंही नाही. ४ एप्रिल २०१३ ला ठाण्याजवळ शीळ इथे बेकायदा इमारत कोसळून ७४ जीव गेले, तेव्हा महापालिकेचे अधिकारीही अटकेत गेले. पण अटक करायला तिथे नाव होतं, पद होतं. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस, पाडकामाचं चित्रीकरण आणि नियम मोडल्यास अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई असं सांगितलं. (रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, जलस्रोत यांवरची अतिक्रमणं यातून वगळली आहेत.) एजन्सीचा मुलगा पुढच्या महिन्यात दुसरीकडे गेला, तर भरपाई कोणाकडून घेणार?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बीट निरीक्षक (ठरलेल्या भागात फिरून अतिक्रमणं बघणारा), अभियंता आणि नोटिशीवर सही करणारा अधिकारी कायम हवा, थोडे असले तरी चालतील. मजूर आणि यंत्रं ठेक्यावर घ्या. दंडातला वाटा कोणालाच नको. आणि कारवाईला निघणाऱ्या पथकाबरोबर पोलीस बंदोबस्त मागा. २०२१ मध्ये ठाण्यात फेरीवाल्याने केलेल्या हल्ल्यात सहायक आयुक्त कल्पिता पिंपळे यांची बोटं तुटली, याची त्या दिवशी सभागृहात आठवण करून द्या.

मतदानाआधी प्रशासनाकडून एक तक्ता लेखी घ्या: मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि भरलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्षात दुसऱ्या विभागात किंवा कोणाच्या दालनाबाहेर बसलेत. शेवटचा रकाना आला नाही, तर विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवा.